गाठ फुलाच्या खाली होती

आजवर ज्या पानांवर तुम्ही जेवलात, त्यांच्या शिरा सरळ जात होत्या की त्यांची जाळी होती, सांगता येईल का?

नाही येणार. लग्नामागून लग्नं पळसाच्या पत्रावळीवर वरणभात ओरपला, पण खाली पाहिलं ते वाढप्यानं बुंदी किती वाढली एवढ्यापुरतं. पळसाच्या पानाला शिरांची जाळी असते. केळीच्या पानाच्या शिरा मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत शेजारीशेजारी जातात, एकमेकींच्या घरात शिरत नाहीत. जाळी असेल तर झाड बहुधा द्विदल, सरळ शिरा असतील तर बहुधा एकदल. फूल हाताशी असेल तर पाकळ्या मोजाव्यात. तीन किंवा सहा भरल्या तर एकदल, चार-पाच भरल्या तर द्विदल. एवढ्यावर समोरच्या हिरव्या जगाचे दोन ढीग करता येतात आणि त्यासाठी डिग्री लागत नाही. डिग्री मिळवण्यासाठी मात्र डोळे मिटावे लागतात. ते मला नीट जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आईबाबांनी दीक्षाभूमीवर धम्म घेतला, त्यानंतर वर्षभरानं मी जन्मले. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. छापखान्यातून वाया गेलेली पत्रकं घरी येत आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. कोरी बाजू संपली की छापलेली वाचायची. त्यामुळे बाहुलीच्या गोष्टीआधी मला 'जाहीर निषेध' आणि 'बहुसंख्येनं उपस्थित राहा' हे वाचता यायला लागलं. अशी मुलगी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेते तेव्हा तिला वाटतं, इथं तरी भाषण नाही. इथं ब्लेड आहे, भिंग आहे, फूल आहे. जे दिसेल ते लिहायचं.

पहिल्याच दिवशी विभागप्रमुख सरांनी हजेरी घेतली. माझ्या आडनावापाशी ते थांबले, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "अच्छा. म्हणजे इंदोऱ्याकडच्या का?" इंदोरा म्हणजे आमच्या लोकांची वस्ती. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली, जणू नमुना ओळखून बरणीत ठेवला. सरांना ओळख पटवायला भिंग लागत नसे, पाटी पुरत असे. हे माणसांपुरतं असेल असं मी तेव्हा समजत होते.

आमच्या कॉलेजात एक पद्धत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला जो पहिला येईल, त्याला पुढच्या वर्षी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून घ्यायचं. म्हणजे लॅबमध्ये मुलांच्या टेबलांमधून फिरायचं, फूल कसं कापायचं ते दाखवायचं, जर्नल तपासायची आणि महिन्याला पगार घ्यायचा. ती जागा मला हवी होती. बाबांचे डोळे खिळ्यांनी कमजोर होत चालले होते आणि लॅबमध्ये उभं राहून शिकवण्याखेरीज दुसरं काही करावंसं मला वाटत नव्हतं. चाचण्यांत पहिला नंबर माझा येत होता. दुसरा येत होता तो माझ्याच टेबलावरच्या मैत्रिणीचा. तिच्या वडिलांची लकडगंजात लाकडाची वखार होती.

मला फूल ओळखायला शिकवलं ते सरांनी नव्हे. आमच्या लॅबमध्ये एक अटेंडंट होते, सगळे त्यांना मामा म्हणत. मामा सातवी शिकलेले. तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात आमची सहल रामटेकला गेली. सर गड चढले नाहीत, गुडघ्यांचं कारण होतं. खाली हॉटेलात आलूबोंडे खात ते वनस्पती आपल्याकडे येण्याची वाट पाहत बसले. वर आम्हाला मामांनी नेलं.

झुडपात कळलावी फुलली होती. लाल-पिवळ्या पाकळ्या मागं वळलेल्या, पानांच्या टोकांना वेटोळी. मैत्रीण म्हणाली, "मी नाही नेत वं घरी. आई म्हणते, घरात ठेवली का भांडण होते."

"तुमच्या घरी आधी होत नाही का?" मी विचारलं.

"होते. पन ते आमचं आमचं होते."

मामांनी एक फूल खुडून आमच्यासमोर धरलं. "पाकळ्या मोजल्या? साहा. आतल्या काड्या? त्याबी साहा. आता गाठ पाहा." गाठ म्हणजे अंडाशय, ज्याचं पुढं फळ होतं. कळलावीच्या पाकळ्या जिथं दांड्याला चिकटतात, त्याच्या आतल्या बाजूला ती हिरवी गाठ बसलेली होती. "गाठ फुलाच्या अंदर. म्हणून हे लिलीवालं. कांदा तसाच, कोरफड तशीच, शतावरी तशीच."

मग तळ्याच्या काठी त्यांनी नागदवणा दाखवला. पांढरीशुभ्र फुलं, पाकळ्या सहा, केसर सहा. मी लगेच म्हटलं, "हेही लिलीचंच."

"घाई काहून करून राहिली वं पोरी? गाठ पाहा न."

गाठ पाकळ्यांच्या खाली होती. फूल गाठीच्या डोक्यावर बसलं होतं. मामा म्हणाले, "दिसाले बहिनी, पन घर अलग." पुस्तकात आतल्या, म्हणजे पाकळ्यांच्या वर बसलेल्या गाठीला ऊर्ध्वस्थ अंडाशय आणि खालच्या गाठीला अधःस्थ अंडाशय म्हटलेलं आहे, आणि लिलीचं कूळ नागदवण्याच्या, म्हणजे अमॅरिलिसच्या कुळापासून वेगळं काढताना जुन्या पद्धतीत हीच खूण पहिली धरतात. ते मी नंतर वाचलं. समजलं मात्र त्या तळ्याच्या काठी.

खाली आल्यावर सरांनी पिशवीत डोकावून पाहिलं नाही. त्यांच्याकडे गेल्या सहलीची टाईप केलेली यादी होती, ती त्यांनी बसमध्ये वाचून दाखवली आणि आम्ही उतरवून घेतली. तिच्यात आम्ही न पाहिलेली अकरा झाडं होती. नागदवणा नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, "ते कूळ तुमच्या अभ्यासक्रमात नाही." खरंच नव्हतं. आमच्या अभ्यासक्रमात एकदलांची तीनच कुळं होती: लिली, गवत आणि ताड. बाकीच्यांनी उगवावं की नाही हे त्यांनी आपापलं ठरवायचं होतं.

मार्चमध्ये परीक्षा आली. प्रत्येकाला एक फूल मिळतं. ते कापायचं, वर्णन लिहायचं, उभ्या छेदाचं चित्र काढायचं, कूळ ओळखायचं आणि ओळखल्याची कारणं द्यायची. एकदल द्यायचं तर आमच्याकडे ठरलेला पाहुणा म्हणजे कांदा. कन्हानकडे एक शेतकरी बियाण्यासाठी कांदा राखायचा. मामा आदल्या दिवशी जाऊन त्याचे डेंगळे, म्हणजे फुलं आलेले दांडे, घेऊन यायचे. वर्षानुवर्षं कांदाच येणार म्हटल्यावर मुलं उत्तर घरूनच पाठ करून येत. पाकळ्या सहा, पुंकेसर सहा, अंडाशय ऊर्ध्वस्थ, सबब लिली कूळ. चित्रसुद्धा पाठ. फूल समोर ठेवायचं ते सत्यनारायणाच्या सुपारीसारखं, हजेरीपुरतं.

त्या वर्षी परीक्षेआधी गारपीट झाली आणि कन्हानचे डेंगळे आडवे झाले. सरांनी तोड काढली. प्राचार्यांच्या बंगल्यात कुंड्या होत्या. त्यांत मोठी लाल फुलं आली होती आणि कुंडीवर पांढऱ्या रंगानं 'लिली' असं लिहिलेलं होतं. झालं. लिली म्हणजे लिलीचं कूळ. तीच आणा.

ही फुलं तुम्ही पाहिली असतील. मार्चमध्ये जमिनीतल्या कंदातून जाड पोकळ दांडा येतो आणि त्यावर भोंग्यासारखी लाल फुलं. सगळा नागपूर त्यांना लिली म्हणतो, तसं म्हणायला माझी हरकत नाही. पण माझ्या टेबलावर बशीत ते फूल आलं, मी ते उचललं आणि पाकळ्यांच्या खाली हिरवी, तीन कडांची गाठ माझ्या बोटांना लागली. ब्लेड लावायच्या आधीच कळलं. तरी ब्लेड लावलं, तीन खण पाहिले, बिया मांडलेल्या पाहिल्या. मग लिहिलं: अंडाशय अधःस्थ, म्हणून लिली कूळ नव्हे, अमॅरिलिस कूळ.

शेजारी मैत्रिणीचं चित्र जवळजवळ पुरं झालं होतं. डाव्या हातात तिनं ते फूल धरलेलं, गाठ तिच्या अंगठ्याखाली, आणि उजव्या हातानं कागदावर ती गाठ पाकळ्यांच्या आत काढत होती. मी कुजबुजले, "अगं, गाठ खाली आहे."

"मले दिसून राहिली."

"मग?"

"मंग काय? लिली लिही अन् मोकळी हो. काहून डोकं लावून राहिली?"

"तुझ्या बाबांना सागवान म्हणून कोणी दुसरं लाकूड दिलं तर घेतील का?"

"बाबा भुसा नाकाशी धरून सांगतात सागवान हाय का नाही," ती म्हणाली. "पन ते धंद्याचं हाय वं. हे परीक्षेचं हाय."

याच्याइतकं खरं वाक्य मी त्या इमारतीत तीन वर्षांत ऐकलं नव्हतं.

सर फिरत फिरत माझ्यापाशी आले. "काय पुढारीणबाई, चित्र चुकलंय."

"सर, फूल समोर आहे."

"मला फूल दाखवू नका. हे जे कूळ लिहिलंय, ते आपल्या अभ्यासक्रमात आहे?"

"नाही सर."

"मग परीक्षेत कसं येईल?"

हे ते चिडून बोलले नाहीत, समजावून सांगत होते. त्यांना ते मनापासून पटलेलं होतं.

बाहेरचे परीक्षक वर्ध्याहून आलेले होते. सज्जन गृहस्थ, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. तोंडी परीक्षेला त्यांनी माझा कागद वाचला, बशीतलं फूल उचललं आणि गाठ चिमटीत धरली. एक क्षण त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसला की मला वाटलं, सुटले. ते सरांकडे वळून म्हणाले, "मुलगी म्हणते त्यात तथ्य आहे हो."

"सर, मॉडेल आन्सर टाईप होऊन गेलंय," आमचे सर म्हणाले. "बाकी सगळ्यांनी लिली लिहिलंय. आता हिला बरोबर दिलं तर बाकीच्यांचं काय करायचं?"

परीक्षकांनी फूल बशीत ठेवलं. मला राहवलं नाही. "सर, मामांना विचारा. फुलं त्यांनी आणलीत. त्यांना ठाऊक आहे."

"अटेंडंटला विचारून वनस्पतिशास्त्र चालवायचं का आता?" आमचे सर हसले, पण हाक मारलीच. "काय हो, कोणत्या कुळाचं आहे हे?"

मामा सिंकपाशी बशा धूत होते. त्यांनी हात पुसले, फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "मले काय समजते साहेब. तुमी आना म्हनलं, मी आनलं."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. त्यांची संध्याकाळची पॅसेंजर होती. चित्राला पूर्ण गुण आणि ओळखीला शून्य, असा तोडगा त्यांनी काढला. म्हणजे चित्र या फुलाचं होतं हे मान्य. फक्त हे फूल, ते फूल नव्हतं.

ते पुढच्या टेबलाकडे गेल्यावर सरांनी माझ्यापुढं एक कोरा कागद ठेवला आणि आवाज उतरवला. "अजून वीस मिनिटं आहेत. दुसरं चित्र काढा, गाठ वर दाखवा, लिली लिहा. हा कागद मी काढून टाकतो. डेमॉन्स्ट्रेटरची जागा तुम्हालाच द्यायची माझ्या मनात आहे, तुम्हीच आड येऊ नका."

त्या वेळी घरातली सगळी पत्रकं डोळ्यांपुढं उभी राहिली, असं लिहिलं तर शोभून दिसेल. खरं म्हणजे पगार डोळ्यांपुढं उभा राहिला, बाबांचा नवा चष्मा उभा राहिला. मी पेन्सिल उचलली. सहा पाकळ्या काढल्या, सहा केसर काढले. गाठीपाशी आले आणि मला दिसलं की ही जागा मिळाली तर पुढच्या वर्षी मी याच टेबलांमधून फिरत हेच चित्र पन्नास मुलांकडून काढून घेणार आहे. ज्या कामासाठी मी हे करत होते, ते काम हेच होतं. मी कागद अर्धाच ठेवला आणि सरांना परत दिला. त्यांनी तो घडी घालून खिशात टाकला. कागदाची नासाडी त्यांना आवडत नसे.

निकालात मी दुसरी आले. जागा मैत्रिणीला मिळाली.

मी काय करणार? जे येत होतं ते केलं, पत्रक लिहिलं. बाबांनी रात्रपाळीत फुकट जुळवून दिलं. जुळवताना म्हणाले, "आमी खिळे उलटे लावतो तवा सुलटं छापते. तुमच्या कॉलेजात सुलटं ठेवलेलं उलटं छापतात, भारी मशीन हाय." पत्रकाचा मथळा मी दिला होता, 'फुलाला न्याय द्या'. आता वाचताना तो मलाच जरा जास्त वाटतो. फाटकावर उभी राहून वाटलं. मुलांनी घेतलं, वाचलं, आणि त्यात सिनेमाची तिकिटं गुंडाळली. एकानं विचारलं, "मोर्चा कुठून निघून राहिला?"

उरलेला गठ्ठा मामांनी मागितला. वनस्पती दाबून वाळवायला त्यांना कागद लागायचा. "तुहा कागद चांगला हाय, पानी मस्त ओढते," ते म्हणाले.

मी तिरसटून म्हटलं, "मामा, त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"फुलं तोडाच्या आधीच बोललो होतो. म्हनलं, सर, याची गाठ खाली हाय. तर म्हने, गाठबिठ तुमी पाहू नका, फुलं मोजून आना." त्यांनी गठ्ठा सारखा केला. "तुहे मार्क गेले पोरी. माही नोकरी गेली असती. तू पत्रक छापशील, मी काय छापू?"

मी गठ्ठ्याला सुतळी बांधून दिली. त्यांचा प्रश्न माझ्या घरातल्या एकाही पत्रकात नव्हता.

पुढच्या वर्षी मी कामठीच्या एका शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवायला लागले. अजून तेच करते. दिवाळीच्या सुट्टीत मैत्रीण घरी आली. डेमॉन्स्ट्रेटरबाईंच्या साडीला पिन होती, पर्समध्ये लाल पेन होतं. चहा झाला, चिवडा झाला, तरी ती मुद्द्यावर येईना. शेवटी म्हणाली, "तुही जागा मी घेतली वं."

"तू घेतली नाहीस. तुला दिली."

"एकच झालं." ती बशीतले शेंगदाणे वेगळे काढत बसली. "मले तवाच दिसत होतं, गाठ खाली हाय म्हणून."

"ठाऊक आहे. तू तेव्हाच म्हणाली होतीस."

"यंदा पन लिलीच ठेवनार हाय सर. कांद्यासाठी कन्हानले जावं लागते. बंगला जवळ पडते."

"मग पोरींना काय शिकवतेस?"

"दोन्ही," ती म्हणाली. "वर्गात मोठ्यानं सांगतो, गाठ वर. मंग टेबलाशी जाऊन हळूच सांगतो, बोट लावून पाहा, खाली हाय. पन पेपरात वर काढजो."

मला हसू आलं आणि रागही आला. तिला दोष कसा देऊ? आमच्या सगळ्या कॉलेजात त्या वर्षी खरं सांगणारी ती एकटी होती, आणि तेही कानात. मी तिला म्हटलं, "तू विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाला लिही." ती म्हणाली, "नोकरीवर असलेल्या मानसानं लिहिलं का त्याले तक्रार म्हनतात. बाहेरच्यानं लिहिलं का सूचना म्हनतात. तू लिही."

मी लिहिलं. उत्तर आलं नाही. एकटीचं पत्र म्हणजे वेडीचं पत्र, असं तिथं धरत असावेत. कोणतं झाड कोणत्या कुळात घालावं याबद्दल पंडितांचं आपसांत अजून ठरलेलं नाही हेही मला ठाऊक आहे. काही जण तर कांदाच उचलून त्या दुसऱ्या कुळात न्यावा म्हणतात. नेऊ देत. त्यांनी भांडावं, त्यासाठीच त्यांना पगार मिळतो. पण ज्या मुलीच्या बोटाला गाठ खाली लागते आहे, तिनं ती कागदावर वर काढावी, असं त्यांच्यापैकी एकही म्हणत नाही.

तेव्हा एक काम करा. आज संध्याकाळी एक पोस्टकार्ड घ्या आणि विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र अभ्यास मंडळाला चार ओळी लिहा. एकदलांच्या यादीत अमॅरिलिस कूळ घालावं, आणि ते घालेपर्यंत परीक्षेत समोरचं फूल पाहून लिहिलेलं उत्तर बरोबर धरावं. याहून जास्त लिहू नका, रागावू नका, पत्रकासारखं तर मुळीच लिहू नका. सही करा, गाव लिहा आणि पेटीत टाका. मार्चच्या आत टाका, म्हणजे मैत्रिणीला एक वाक्य तरी मोठ्यानं बोलता येईल.